आईची काजळी आणि दादाचा ट्रक

डेन्व्हरला दादाच्या दारात उभा असलेला डिझेल पिकअप पाहून आई म्हणाली, "हा तर आपल्या इंदूरच्या मंडईतला टेम्पोच की रे, फक्त खाऊनपिऊन सुखी!"

त्या सुखी टेम्पोच्या मागे दादाने कॅम्पर जोडला. आत गादी, गॅस, फ्रिज, संडास, सगळं. चाललो होतो ग्लेनवूड स्प्रिंग्जला, गरम पाण्याच्या कुंडात आईचे गुडघे शेकायला. अंतर अडीचशे किलोमीटरच, पण मधे रॉकी पर्वत.

आयडाहो स्प्रिंग्ज मागे पडलं आणि डॅशबोर्डवर सूचना आली: फिल्टर साफ होतोय, गाडी चालवत राहा. नेमकं तेव्हाच आई म्हणाली, "बाळ, जरा थांबव. मला जायचंय."

मागे संडास असूनही उपयोग नव्हता. धावत्या कॅम्परमध्ये बसायचं नाही, असं दादाने निघतानाच बजावलं होतं. तो गप्पच राहिला. मी विचारलं तेव्हा बोलला. डिझेलच्या धुरातली काजळी एका सिरॅमिक फिल्टरमध्ये अडकते. फिल्टर भरत आला की इंजिन जादा डिझेल वापरून धूर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवतं आणि काजळी जाळून टाकतं. याला वीसेक मिनिटं सलग गाडी चालावी लागते. वहिनी रोज मुलांना शाळेत सोडते, तो रस्ता दहा मिनिटांचा. त्यामुळे साफसफाई सारखी अर्धवट राहिली होती. फिल्टर फारच तुंबला तर ट्रक आपली ताकद आपणच कमी करतो. मागे एवढं वजन, पुढे घाट!

"म्हणजे कंदिलाची काच," आई म्हणाली. "काजळी धरली की उजेड नाही. पण मी काय काच नाही, मला थांबवत नाही."

दादाने जॉर्जटाऊनला गाडी वळवली. कडेला वाळकं गवत होतं, तिथे नाही, डांबरी जागा शोधून तिथे उभी केली. त्या वेळी खालचा पाइप इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं. आई हसत परत आली, दादाचा चेहरा मात्र उतरलेलाच.

पुढे आयसेनहॉवर बोगद्याचा चढ. १९७३ साली सुरू झालेला हा बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. सूचना पुन्हा उजळली. मायलेजचा आकडा घसरत घसरत लिटरला दोन किलोमीटरवर आला. एरवी मोकळा ट्रक सातच्या पुढे देतो, कॅम्पर लावला की चार. वजनापेक्षा त्या उंच खोक्याला लागणारा वाराच डिझेल जास्त पितो, म्हणून दादा ताशी शंभराच्या आतच चालवतो. मागचे ट्रकवाले वैतागले तर वैतागू देत.

आम्ही सगळे त्या दिव्याकडे बघत होतो. आणि बोगद्याच्या तोंडाशी तो विझला! ज्या चढाची धास्ती घेतली होती, त्यानेच काम केलं. इंजिनावर भार पडला की धूर मुळातच तापतो, मग काजळी जाळायला जादा डिझेल फारसं लागत नाही. "एवढं होतं तर मला उगाच का ताटकळवलंस?" आईने विचारलं. दादाकडे उत्तर नव्हतं.

(बीएस-६ आल्यापासून आपल्याकडच्या डिझेल गाड्यांतही हा फिल्टर असतो. आमच्या इंदूरच्या गाडीतला असाच दिवा मी दोन महिने दुर्लक्षिला होता, हे मी दादाला सांगितलं नाही.)

उतारावर दादाने खालचा गिअर टाकला, इंजिनाच्याच जोरावर वेग धरला. तीन तासांनी आई कुंडात गळ्यापर्यंत बसली होती. हे कुंड १८८८ पासूनचं.

"ती काजळी जळून गेली, मग राख कुठे जाते रे?"

"फिल्टरमध्येच साठते. दोनेक लाख किलोमीटरनंतर काढून साफ करावा लागतो."

"काढशील तेव्हा ठेव थोडी. तुझ्या बायकोची पितळी समई किती काळी पडलीय!"