आपल्याच गावात पाहुणे

वर्गाच्या बाईंनी दिवाळीपासून तगादा लावला होता की यंदा आम्ही उभयतांनी वार्तापत्रासाठी काहीतरी लिहून द्यावे. आमची दोन नातवंडे या वर्गात येतात, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. तर बालमित्रांनो, जानेवारीत आम्ही दोघेच मुंबईहून तारकर्लीला गेलो आणि तेथे समुद्रकाठच्या एका रिसॉर्टमध्ये पाच रात्री राहिलो, त्याची ही हकीकत.

तारकर्ली हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातले, मालवणपासून सहा-सात किलोमीटरवरचे गाव. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांची पट्टी. पुढे देवबागला नदी समुद्राला मिळते. आमच्यापैकी एकाचे हे मूळ गाव. दुसरी जन्माने दादरकर, तिला गाव मिळाले ते लग्नात.

ईलिंग ब्रॉडवेहून हीथ्रो जवळ आहे, त्यामुळे लंडन कधी सुटले ते कळतही नाही. मुंबई मात्र सुटता सुटत नाही. दादरला नातेवाइकांकडे दोन दिवस राहिलो. रात्री एक वाजताही खाली हॉर्न वाजत होते आणि पहाटे पाचला दूधवाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडवी एक्स्प्रेस पकडली. स्टेशनाचे नाव १९९६ सालीच बदलले, पण आमच्या तोंडी अजून व्ही.टी.च येते, टॅक्सीवाल्यालाही ते बरोबर समजले.

पूर्वी हा प्रवास फार निराळा होता. साठच्या दशकात भाऊच्या धक्क्यावरून बोट निघे. मालवणला बोट बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि ट्रंका, वळकट्या, रडणारी पोरे असे सगळे पडावात उतरवून किनाऱ्याला आणीत. नंतर एस.टी. आली, म्हणजे रात्रभर घाटातली वळणे आणि हातात लिंबू. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली २६ जानेवारी १९९८ रोजी. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा हा मार्ग डोंगर पोखरून काढलेला आहे. रत्नागिरीच्या अलीकडे करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. त्यात गाडी शिरली की डब्यातल्या गप्पा आपोआप थांबतात. रत्नागिरी सोडल्यावर पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल येतो. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांनी तेव्हा कांदाभजीकडे पाहावे. आम्ही तेच केले. एक गोष्ट सांगून ठेवतो: नाव कोकण रेल्वे असले तरी आपल्या बाजूला खिडकीतून समुद्र फारसा दिसत नाही. तो कुडाळला उतरून, रिक्षाने मालवण गाठल्यावरच भेटतो.

रिसॉर्टच्या वाटेवर ‘येवा, कोकण आपलाच आसा’ अशी मोठी पाटी होती. काउंटरवरच्या मुलाने आमचे पासपोर्ट पाहून हिंदीत विचारले, पहिल्यांदा आलात का? आम्ही एकमेकांकडे पाहिले. तेथून आमचे घर पायी दहा मिनिटांवर होते. मग मालवणीत सांगितले तेव्हा तो बिचारा उठूनच उभा राहिला.

घर असताना रिसॉर्टमध्ये का, असे तुम्ही विचाराल. थोरले बंधू गेल्यापासून तीन वर्षे घर बंद आहे. कौले सरकली आहेत, न्हाणीघर मागच्या परड्यात आहे आणि आमचे गुडघे आता तेवढे चालत नाहीत. पुतण्या नोकरीसाठी कुडाळला राहतो. त्याने पत्र पाठवले होते: घर दुरुस्त करून तीन खोल्या पर्यटकांना द्याव्यात, सरकारची निवास-न्याहारी योजना आहे, कर्जासाठी आणि नोंदणीसाठी उताऱ्यावर नावे असलेल्या सगळ्यांच्या सह्या हव्यात. त्या सहीसाठीच खरे तर आम्ही गेलो होतो.

पहिले तीन दिवस आम्ही सही सोडून बाकी सर्व केले. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी तो १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधला. चारी बाजूंना खारे पाणी, पण आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे. रिसॉर्टवर सकाळी घावणे, दुपारी बांगड्याचे तिखले, वर सोलकढी. आणि रोज रात्री तोच वाद. ज्या माजघरात आईने आम्हांला भरवले तेथे परके लोक सामान टाकून झोपणार, हे एकाला सोसत नव्हते. दुसरीचे म्हणणे, कुलूप लावलेल्या घरापेक्षा झोपलेले परके बरे, निदान दिवा तरी लागेल.

चौथ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर रापण ओढत होते. होडीतून समुद्रात अर्धगोल जाळे टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून पंचवीस-तीस माणसे मिळून ओढतात, ती रापण. हौशी पर्यटकांनीही दोराला हात लावले होते, तसे आम्हीही लावले. एका म्हाताऱ्या गाबिताने बराच वेळ निरखून पाहिले आणि म्हणाला, “तुमी मास्तरांचे झील मा?” वडील तेथल्या शाळेत मास्तर होते, त्याला पन्नासहून अधिक वर्षे झाली. त्याने आमच्या वाट्याचे म्हणून चार बांगडे हातात ठेवले. पैसे विचारले तर रागावला. बोलता बोलता म्हणाला की मुलगा आता पर्यटकांना बोटीतून डॉल्फिन दाखवतो, नुसत्या रापणीवर घर चालत नाही. पण तो गावात आहे, मुंबईला गेला नाही.

बांगडे रिसॉर्टच्या आचाऱ्याने तळून दिले. त्याच संध्याकाळी पुतण्याला बोलावून घेतले. कागद वाचले, चष्मा पुसला, परत वाचले. दोघांनीही सह्या केल्या. अट एकच घातली: मे महिन्यात एक खोली आमच्या नातवंडांसाठी रिकामी ठेवायची.

पुतण्याने डोक्याला हात लावला. “काकानू, मे महिन्यात तर सगळ्यात जास्ती गिऱ्हायक येता!”

मग लक्षात आले की मे महिन्यात ईलिंगच्या शाळांना सुटी मिळते जेमतेम एक आठवडा. मोठी सुटी जुलैअखेर लागते, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा समुद्र खवळलेला, किल्ल्याच्या होड्या बंद आणि तारकर्लीला पर्यटक तुरळकच. तेव्हा ऑगस्टमध्ये एकच काय, तिन्ही खोल्या आमच्या, असे ठरले. नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर समुद्राला नारळ देतात, तो सोहळा मुलांना दाखवायचा आहे. माजघराची कौले मात्र त्याआधी बदलून घ्या, असे आम्ही पुतण्याला दोनदा बजावले आहे.