मूठ पिळली की गाडी दचकते

आमच्या घरी 1994 साली पतसंस्थेचे कर्ज काढून घेतलेली हीरो होंडा सीडी 100 आहे. नोकरीची सगळी वर्षे देऊळगाव राजाहून शाळेच्या गावी तिनेच मला नेले-आणले. मी निवृत्त झालो, तिला मात्र अजून सुट्टी नाही. रविवारी विहार आणि महिन्यातून एकदा पत्नीच्या औषधपाण्यासाठी जालना, एवढे तिचे काम उरले आहे.

गेल्या वर्षावासात या गाडीपायी माझ्या हातून एक चूक झाली. ती ज्यांच्यासमोर झाली, त्यांना ती ठाऊक आहेच. पण आपल्या बांधवांपैकी अनेकांकडे अशा जुन्या गाड्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

त्या दिवशी पत्नीला मागे बसवून मी गल्लीतून जालना रस्त्यावर येत होतो. उजवीकडून मालट्रक येत होता, पण अंतर भरपूर होते. मी मूठ पिळली. गाडीने झेप घ्यायची, ती एकदम गप्प झाली, जणू श्वास कोंडला. मग खोकली, एक हिसका दिला आणि पळाली. तो सगळा प्रकार एका क्षणाचा. पण ट्रक हॉर्न वाजवत पाठीमागून गेला तेव्हा त्याचा वारा मानेला लागला. पलीकडे गेल्यावर पत्नी उतरली आणि एक शब्द न बोलता पायी घरी निघाली. त्या महिन्यात जालन्याला ती एसटीने गेली.

दोनच दिवसांपूर्वी आमच्या वस्तीतला एक मुलगा ही गाडी घेऊन भन्तेजींना आणायला चिखलीला गेला होता. येताना स्वतःच्या पैशाने पेट्रोलही भरून आणले होते. माझ्या डोक्यात जोडणी झाली : गाडी त्याने नेली, पेट्रोल त्याने भरले, गाडी त्यानंतर बिघडली. रविवारी वंदना झाल्यावर पाच-पन्नास माणसांत मी बोलून गेलो, "रॉकेल मिसळलेलं पेट्रोल टाकून आणलंस काय रे? पैसे वाचवले असशील." तो काही बोलला नाही. पोरे मात्र हसली. आठवडाभरात त्याचे नाव 'रॉकेल' पडले आणि पुढच्या रविवारी तो विहारात आला नाही.

गाडी घेऊन मी एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने नवा प्लग बसवला, पैसे घेतले. दुसऱ्याने कार्बोरेटर हातात न घेताच निकाल दिला, हा गेला, नवा टाका. गावातल्या प्रत्येकाकडे एक निदान तयार होते. कोणी वायर बदला म्हणाले, कोणी गाडीच विका म्हणाले. टाकीतले पेट्रोल काढून मी नवे भरले. दचकणे तसेच.

त्याच आठवड्यात विहारातल्या वाचनात कालाम सुत्ताचा विषय निघाला. ऐकीव आहे म्हणून, चालत आले आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, हे आपण सर्वजण जाणतोच. मी ते वर्गात मुलांनाही शिकवले आहे. त्या दिवशी मात्र 'सांगणारा मोठा' या शब्दांपाशी मला अवघडल्यासारखे झाले. गुरुजी म्हणाले म्हणूनच तर वस्तीने त्या मुलाबद्दल विश्वास ठेवला होता.

घरी आलो तर पत्नी म्हणाली, "रेशनचं रॉकेल आपल्याला मिळून किती वर्षं झाली? त्यानं आणलं कुठून?" मग जरा थांबून, "आणि उन्हाळ्यात गाडी खोलून बसला होता ते तुम्हीच ना?"

मी उत्तर दिले नाही. जालन्याच्या एका जुन्या मिस्त्रीला फोन लावला. त्याने पार्ट बदलायला सांगितलेच नाही. म्हणाला, "चोक अर्धा ओढून चालवून बघा, मग मला सांगा."

चोक ओढला की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जाते. तसा अर्धा ओढून मूठ पिळली, तर दचकणे जवळपास गेले. म्हणजे इंजिन उपाशी होते. एकतर पेट्रोल कमी पडत होते, नाहीतर हवा जास्त येत होती. मग आठवण झाली जुन्या प्लगची. तो खिशातच होता. टोक पांढरेफटक. मिश्रणात पेट्रोल कमी असले की प्लग असा पांढरा पडतो. रॉकेलची भेसळ असती तर धूर निघाला असता, काजळी धरली असती. मुलाच्या बाजूचा पुरावा पहिल्या दिवसापासून माझ्याच सदऱ्याच्या खिशात होता!

त्यानंतर मी वही घेतली आणि एका वेळी एकच गोष्ट तपासायची असे ठरवले. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने गुण आला ते कळत नाही. कार्बोरेटरच्या वाटीखालचा स्क्रू सैल केला, पेट्रोलची धार नीट आली. म्हणजे टाकीचा कॉक आणि झाकणाचे भोक दोन्ही मोकळे. स्लो जेट काढून उन्हाकडे धरला, सुईच्या टोकाएवढा उजेड आरपार दिसला. एअर फिल्टर स्वच्छ. राहिली ती हवा, म्हणजे नको त्या वाटेने येणारी.

गाडी हळू चालू ठेवली आणि नातवाच्या औषधाच्या ड्रॉपरने कार्बोरेटर व इंजिनाकडचा पाइप यांच्या सांध्यावर पाण्याचे थेंब सोडले. (काहीजण इथे पेट्रोल शिंपडतात. तसे कुणी करू नये, तापलेल्या इंजिनावर भडका उडतो.) चौथ्या-पाचव्या थेंबाला इंजिनाचा आवाज बदलला. पाण्याने फट क्षणभर बुजली होती.

सांधा खोलला. आत रबराची एक छोटी ओ-रिंग असते. ती वाळून कडक आणि चपटी झालेली. मे महिन्यात कार्बोरेटर साफ करताना तीच जुनी रिंग मी परत बसवली होती, आणि गळू नये म्हणून दोन्ही नट अंगातले बळ लावून आवळले होते. जास्त आवळल्याने ती पट्टी किंचित वाकली होती. जून महिन्यातच गाडी उभी असताना आवाज वरखाली होत होता. मी लक्ष दिले नव्हते.

मूठ पिळतानाच का दचके, हेही तेव्हा नीट उमगले. मूठ बंद असताना इंजिनाची ओढ सर्वांत जोराची असते, म्हणून बारीक फटीतूनही पुष्कळ हवा आत जाते आणि मिश्रण आधीच पातळ होते. त्यात मूठ एकदम उघडली की हवा हलकी, ती लगेच धावते. पेट्रोल जड, ते मागे राहते. पुढे वेगात असताना मुख्य वाटेने एवढी हवा येते की फटीतली हवा जाणवतही नाही. म्हणून सरळ रस्त्यावर गाडी निरोगी आणि नेमकी वळणावर दगा देणारी. 2020 सालच्या बीएस-6 नियमांनंतर आलेल्या बहुतेक गाड्यांत कार्बोरेटर नाही, तिथे हे हिशेब सेन्सर करतो. आमच्या सीडी 100 ला मात्र माणसानेच डोके लावावे लागते.

नवी रिंग चहाच्या पैशात आली. पट्टी काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासली, नट बेताने आवळले. दचकणे गेले.

राहिले दुसरे काम. ते करायला मला दोन रविवार लागले, हेही सांगितले पाहिजे. पहिल्या रविवारी तो आलाच नव्हता, या सबबीवर मी सुटलो. मग त्याच्या घरी गेलो. त्याची आई चहा ठेवू म्हणाली, बसा म्हणाली नाही. पुढच्या रविवारी तो आला. वंदना झाल्यावर त्याच जागी, त्याच माणसांसमोर मी उभा राहिलो आणि जुनी ओ-रिंग हातात धरून सांगितले की गाडी मी बिघडवली होती, आणि या मुलावर मी खोटा आळ घेतला.

त्याने रिंग हातात घेतली, नखाने दाबून पाहिली. म्हणाला, "गुरुजी, नवी कंपनीची घेतली ना? लोकल असली तर लवकरच कडक होते." आणि मला परत दिली.

पत्नी आता पुन्हा मागे बसते. जालना रस्त्यावर येताना माझा खांदा घट्ट धरते. तो मुलगा विहारात येतो. दोन-चार पोरे अजून त्याला 'रॉकेल' म्हणतात. मी जवळ असलो तर थांबवतो. नसतो तेव्हाही म्हणतच असतील.