हैदराबादची चळी

हैदराबादच्या थंडीला फारसे कोणी मोजत नाही. पण हे शहर समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरांहून उंच, दख्खनच्या खडकावर वसलेले. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगलाच गारठा पडतो, आणि घरात दोन वर्षांचे मूल असले की तो गारठा थेट हिमालयातला वाटतो!

संक्रांतीला आम्ही काचीगुड्याला सासुरवाडीत होतो. मी चिरंजीवांना म्हणे, "कुंची घाल." सासूबाई म्हणत, "कुलावी हाक्को." शेजारच्या तेलुगू अम्मा म्हणत, "टोपी पेट्टुको." चिरंजीव तिघांचेही ऐकत आणि टोपी मांजराला घालत.

एका संध्याकाळी नुमाइश पाहायला गेलो. १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांनी सुरू केलेले हे प्रदर्शन दर जानेवारीत नामपल्लीच्या मैदानावर भरते. काश्मिरी स्वेटरांच्या दुकानापुढे चिरंजीव कुडकुडत म्हणाले, "चली, चली!" कन्नड 'चळी'तला 'ळ' अजून जिभेवर बसलेला नाही. दुकानदाराने विचारले, "कौन चली?" बाजूच्या तेलुगू बाई हसून म्हणाल्या, "चलि! थंडी वाजतेय त्याला." तेलुगूतही थंडी म्हणजे 'चलि'च!

"एकच भाषा धरा, नाहीतर पोर उशिरा बोलेल," असा सल्ला आपल्या सीमाभागातल्या घरांना नेहमी मिळतो. अभ्यासक मात्र तसे मानत नाहीत. आमचे पोर माझ्याकडे 'पाणी' मागते, अज्जीकडे 'नीरू' आणि शेजारच्या अम्मांकडे 'नीळ्ळु'. तांब्या कोणाच्या हातात आहे, हे त्याला बरोबर कळते. गोंधळ होतो तो मोठ्यांचाच.