वॉक स्लोली

गेल्या उन्हाळ्यात आई सांगलीहून शॉमबर्गला आली आणि दोन आठवड्यांत शेजारच्या चिनी आजींशी तिची गट्टी जमली. संध्याकाळी दोघी अपार्टमेंटच्या तळ्याभोवती फेऱ्या मारायच्या. आजी नातवाला सांभाळायला आलेल्या. त्यांचं इंग्रजी जेमतेम, आईचं थोडं बरं.

चिनी लोक इंग्रजी बोलताना तयार, पाठ केलेली वाक्यं कशी वापरतात हाच माझ्या पोस्ट-डॉकचा विषय. त्यामुळे माझे कान कायम टवकारलेले. (असल्या लेकीबरोबर फिरायला जाणं म्हणजे शिक्षा, असं आईचं मत.)

आजींना 'हाऊ आर यू?' विचारलं, की एका दमात 'फाइन, थँक यू, अँड यू?' हे शेपूट चीनमध्ये इतकं प्रसिद्ध आहे की त्यावर विनोद आहे: अपघातात जखमी झालेल्या चिनी माणसाला पोलीस 'हाऊ आर यू?' विचारतो आणि तोही रक्तबंबाळ अवस्थेत हेच म्हणतो! १९९०च्या दशकात शाळेत गेलेल्या तिथल्या मुलांना इंग्रजी म्हटलं की ली लेई आणि हान मेईमेई ही पाठ्यपुस्तकातली जोडी आठवते. आपण तरी काय वेगळे? आमचं इंग्रजी पाचवीपासून सुरू झालं आणि रजेच्या अर्जात पोट दुखत असलं तरी 'सफरिंग फ्रॉम फीव्हर'च असायचं.

हे फक्त शिकणाऱ्यांचंच असतं असंही नाही. पॉली आणि सायडर या दोघांनी १९८३ सालीच मांडलं होतं, की ज्यांची ती मातृभाषा आहे तेसुद्धा लाखो तयार तुकड्यांच्या जोरावरच अस्खलित बोलतात. दुकानातला कॅशियर 'हॅव अ गुड वन' म्हणतो तेव्हा तो काही विचार करून म्हणत नाही.

एवढं सगळं माहीत असूनही मी माती खाल्लीच.

एका संध्याकाळी निरोप घेताना आजी आईला म्हणाल्या, "वॉक स्लोली." मी लगेच, अगदी प्रेमाने, सांगितलं, "इथे 'टेक केअर' म्हणतात." आजी हसल्या, मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून निरोपाला नुसता हात हलवायला लागल्या.

आई घरी येऊन तडकली. "अगं, त्या मला 'सावकाश जा' म्हणत होत्या. माझा गुडघा दुखतो ते त्यांना दिसतं. तू काय दुरुस्त करत बसलीस?"

चिनी भाषेत जाणाऱ्या पाहुण्याला 'मान झो' म्हणतात, शब्दशः 'हळू चाला'. जेवणाऱ्यालाही 'हळूहळू खा' म्हणतात, म्हणजे आपलं पंगतीतलं 'सावकाश होऊ द्या'! हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण माझ्या तक्त्यात ते 'मातृभाषेचा प्रभाव' या रकान्यात पडून होतं, आणि आईला ते ऐकताक्षणी कळलं होतं.

मी दोनदा आजींची समजूत घालायचा प्रयत्न केला. त्यांना वाटलं, मी पुन्हा काहीतरी शिकवतेय.

आई परत निघाली त्या दिवशी आजी संत्र्यांची पिशवी घेऊन खाली आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग नीट, शब्द सुटे करत आईला म्हणाल्या, "टेक. केअर."

"येते हं," आई म्हणाली. आणि त्यांचा हात धरून, "वॉक स्लोली."

निघणारी आई, आणि तीच हे म्हणतेय म्हणून आजी खळखळून हसल्या. गाडीचं दार लागेपर्यंत म्हणत राहिल्या, "मान झो, मान झो."