जेटचा अंक

कार्बोरेटरच्या पोटात पितळेचा एक तुकडा असतो, करंगळीच्या नखाएवढा. त्याला जेट म्हणतात. त्याच्या मधोमध सुईने टोचल्यासारखे छिद्र असते आणि अंगावर एक अंक कोरलेला असतो. इंजिनाने ओढलेल्या हवेत पेट्रोल किती मिसळावे, याचा निकाल ते छिद्र देते. मोटारसायकलीचा सायलेन्सर हौसेने बदलणारे लोक पुष्कळ. त्या अंकाची विचारपूस करणारे थोडे.

आम्हांस ती करावी लागली ती शिलाँगच्या पावसामुळे. आमची बुलेट 2006 सालची, ओतीव लोखंडी इंजिनाची. बदलीच्या हुकुमाबरोबर ती येथवर आली आणि चार पावसाळ्यांत तिच्या मूळ सायलेन्सरची चाळणी झाली. तसाच दुसरा मिळेना, म्हणून बाजारातला मोकळ्या पोटाचा एक घेतला. आतली आवाज दाबणारी नळी मात्र आम्ही काढू दिली नाही. गोंगाट करणारी गाडी चालविणे हा मोटार वाहन कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. सरकारी वसाहतीत तो त्याहूनही मोठा समजला जातो.

नव्या सायलेन्सरने धूर सुलभपणे बाहेर जाऊ लागला की सिलिंडरात ताजी हवा अधिक शिरते. जेट जुनेच असेल तर पेट्रोल त्या मानाने तोकडे पडते. वजनाने एक भाग पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे 14.7 भाग हवा लागते; गाडीने पूर्ण जोर करावा असे वाटत असेल, तर हवा साडेबारा-तेरा भागांवर आणावी लागते. भर चढावर पेट्रोल कमी पडले की इंजिन तापते, पिस्टन फुगतो आणि एखाद्या वळणावर सिलिंडरात आवळून बसतो. मग मागचे चाक जागच्या जागी थांबते. आमच्या मागच्या आसनावर सौ. बसतात. तेव्हा हा विषय केवळ यंत्रशास्त्राचा राहिला नव्हता.

सल्ल्यांना तोटा नव्हता. दिल्लीच्या एका सहकाऱ्याने दूरध्वनीवरून सांगितले, "दोन नंबर वाढवा." ठाण्याचे मेहुणे म्हणाले, "भावजी, एक पुरे." दोघेही आपापल्या गावी बरोबर असतील, पण शिलाँग समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 मीटर उंच आहे. येथील हवा खालच्यापेक्षा अदमासे एक सप्तमांशाने विरळ. अशा हवेत जुने जेटही पेट्रोल जरा जास्तच देते; म्हणजे नव्या सायलेन्सरने केलेले काही कर्ज डोंगराने परस्पर फेडलेले असते. उलट गुवाहाटी येथून फक्त 100 किलोमीटरवर, आणि जवळजवळ सपाटीला. दोन्ही गावी एकाच जेटने कसे भागावे?

लाइतुमखऱ्यातील आमचे मिस्तरी वयस्क खासी गृहस्थ. आम्ही त्यांना तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'बाह' म्हणतो, ते आम्हांस 'दादा' म्हणतात. उतारावर सायलेन्सरमधून फटाके वाजतात, अशी तक्रार आम्ही नेली, तेव्हा त्यांनी जेटला हातच लावला नाही. आधी इंजिनाच्या तोंडाशी पाइपाच्या जोडातून हवा शिरत होती, ती नवे गॅस्केट घालून बंद केली. मग कार्बोरेटरचा हवेचा स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. फटाके थांबले! मेन जेटचा अंमल थ्रॉटल पाऊणाहून अधिक उघडल्यावर सुरू होतो. पाव भागापर्यंत स्लो जेट आणि मधल्या टप्प्यात सुई, अशी ती वाटणी आहे. कचेरीच्या वाटेवर मेन जेटला कोणी विचारीतही नाही, आणि लोक बदलतात तेच.

आमच्या गाडीत निघालेल्या जेटवर 90 हा अंक होता. आम्ही त्याच कंपनीची 95, 100 आणि 105 मागविली. दोन कंपन्यांचे अंक एकमेकांशी जुळत नाहीत: केहिनच्या जेटवरील अंक छिद्राचा व्यास सांगतो, तर मिकुनीच्या षट्कोनी जेटवरील अंक त्यातून वाहणाऱ्या इंधनाचे माप. बाहंचा नियम असा, की मोठ्या जेटपासून आरंभ करून खाली यावे. पेट्रोल जास्त झाले तर प्लग काळवंडतो, कमी झाले तर पिस्टन जातो; प्लग स्वस्त आहे. जेट तारेने साफ करण्यासही त्यांनी सक्त मनाई केली, कारण तारेने छिद्र वाढते आणि अंक खोटा ठरतो.

मग चार रविवार आम्ही वही घेऊन एकाच चढावर गेलो. तिसऱ्या गिअरात थ्रॉटल पूर्ण उघडायचा, माथ्यावर क्लच दाबून इंजिन बंद करायचे, गाडी कडेला घेऊन प्लग काढायचा आणि रंग लिहायचा. 105 ला काजळी आली व गाडी गुदमरली. 100 ला गर्द तपकिरी. 95 ला नेमका बदामी. 90 ला पांढुरका. कारकुनी पेशाने आम्हांस दुसरे काही दिले नसेल, पण एका वेळी एकच रकाना बदलावा हे निश्चित शिकविले.

वहीप्रमाणे निवड 95 ची व्हावयास हवी होती. पण सौ.ची थोरली बहीण मालिगावच्या रेल्वे वसाहतीत राहते, आणि महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही खाली उतरतो. परतताना जोराबाटहून चढ लागतो तो सखल भागातल्या दाट हवेत, दोघांच्या वजनासह आणि ताईंनी दिलेल्या पिशव्यांसह. त्यातच आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येते. त्यात प्राणवायू असल्याने मिश्रण आणखी कोरडे होते. तेव्हा बसविले 100. शिलाँगात ते थोडे जड पडते, म्हणून सुई एक खाच खाली घेतली आहे. लिटरमागे दोन-अडीच किलोमीटर गेले. त्याचा हिशेब सौ. किराण्याच्या वहीत वेगळा मांडतात. "जाऊ द्या, वाटेत थांबायला नको," एवढेच म्हणाल्या.

1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 चे नियम आल्यावर नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर जवळजवळ गेलाच. ही कामे आता विजेची मेंदूपेटी करते आणि उंची स्वतःच ओळखते. आमच्या गाडीला ती सोय नाही. 95 चे जेट काडेपेटीत घालून, वर अंक लिहून, हत्यारांच्या पिशवीत ठेवले आहे. 90 चेही टाकलेले नाही. आमच्या विभागातून गेल्या खेपेस एक जण लेहला गेला, एक मुंबईला.