पत्त्याचा दोष

दस्तऐवजात जागेची ओळख दोन रीतींनी देता येते. एक ठाम क्रमांकाची; दुसरी, अमक्या विहिरीपासून पूर्वेस इतकी पावले, अशी. सगळे गावच उचलून अन्यत्र वसविले, तर पहिली नोंद खोटी पडते, दुसरी मात्र खरीच राहते. कंपायलर यंत्रभाषेत पत्ते लिहितो तेही ह्याच दोन रीतींनी, आणि सध्या आम्ही ज्या खटल्यात गुंतलो आहोत त्याचे मूळ येथेच आहे.

आमच्या दिवंगत ज्येष्ठ वकिलांची टिपणे अशा जुन्या टंकात आहेत की आजच्या संगणकावर ती केवळ चिन्हांची रांगोळी दिसते. त्यांच्या एका स्नेह्याने ती युनिकोडमध्ये आणणारा प्रोग्राम सी भाषेत लिहिला व २००९ साली ६४ बिटांच्या लिनक्सवर बांधला. नव्या यंत्रावर तो पुन्हा बांधावयास घेतला, तेव्हा कंपायलरने तक्रार केली नाही. अडविले ते लिंकरने. अमक्या संग्रहातील अमक्या फायलीतला पत्ता येथे चालणार नाही, ती पुन्हा कंपाइल करा, एवढाच त्याचा निकाल. मूळ मजकुरात तर एक अक्षरही बदललेले नव्हते!

बदलला होता तो रिवाज. २०१६ च्या उबुंटू १६.१० पासून आणि २०१७ च्या डेबियन ९ पासून प्रोग्राम स्मृतीत कोठेही बसू शकेल असाच बांधण्याची प्रथा पडली. पत्ता दर वेळी वेगळा असला म्हणजे घुसखोरास तो आगाऊ ठाऊक नसतो. जुन्या फायलीत मात्र पत्त्यासाठी चारच बाइटांची जागा राखलेली. कोठेही बसणाऱ्या प्रोग्रामचा आठ बाइटांचा पत्ता तीत मावेल कसा?

येथे पुष्कळांची वाट चुकते. निकाल लिंकरचा, म्हणून ‘एफ-पिक’ ही सूचनाही ते लिंकरच्याच ओळीत घालतात. त्याने काही साधत नाही. दुय्यम निबंधक दस्त परत करू शकतो, तो नव्याने लिहून देत नाही. दुरुस्ती लेखकाकडे, म्हणजे कंपायलरकडेच व्हावयास हवी. बरे, सूचना योग्य जागी घातली तरी ‘मेक’ हा कारकून केवळ फायलींच्या तारखा पाहतो. मजकूर बदललेला नाही असे पाहून तो जुनीच फाईल पुढे सरकवितो. म्हणून आधी जुन्या फायली पुसाव्या लागतात. शिवाय एखाद्या आतल्या मेकफाईलमध्ये सूचनांची यादी नव्याने लिहिलेली असली, तर आपली सूचना तेथवर पोचतच नाही.

आमची अडचण ह्याहून बिकट. अकरा फायलींपैकी दहांचा मूळ मजकूर मिळाला; रफार व जोडाक्षरे सांभाळणारी अकरावी केवळ यंत्रभाषेत उरली आहे. मजकूरच नाही तेथे पुन्हा कंपाइल काय करणार? तेव्हा लिंकरला ‘नो-पाय’ सांगून तडजोड केली. (नाव मराठी कानास भलतेच सार्थ वाटते: पाय काढून घेतला, प्रोग्राम एका जागी बसला.) पत्ते बदलते ठेवण्याचे संरक्षण त्यात गेले; परंतु हे काम घरच्या यंत्रावर, घरच्याच कागदांवर चालते, म्हणून आम्ही ते मान्य केले.

टिपणे आता वाचता येतात. पण इतर प्रोग्रामांना वापरता येईल असा सामायिक संग्रह ह्यातून होत नाही. तेथे ही तडजोड लागू पडत नाही. त्या स्नेह्यांच्या घरच्यांनी माळ्यावरच्या जुन्या तबकड्यांचे एक खोके काढून ठेवले आहे. त्यांतल्या चार आजवर उघडल्या.