मुतलाच्या वाटेवर खोकडाचा माग

कुवेतचं वाळवंट पायाखाली घालायचं तर जानेवारीत. याच देशात मित्रिबाह इथे 21 जुलै 2016 रोजी 53.9 अंश तापमान नोंदलं गेलं होतं. जानेवारीत मात्र पहाटे अंगावर स्वेटर लागतो, आभाळ निळंशार असतं आणि शहरातली निम्मी कुटुंबं तंबू ठोकून वाळूत मुक्कामाला गेलेली असतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत हा तंबूंचा हंगाम. त्यासाठी नगरपालिकेचा परवाना काढावा लागतो.

मंगफमध्ये माझी ताई राहते. दाजींनी सुट्टीच्या दिवशी गाडी काढली आणि आम्ही उत्तरेकडे निघालो. मी सोलापूरकडचा. नान्नजच्या माळरानावर लहानपणापासून खोकड आणि लांडगे पाहत आलोय, त्यामुळे इथल्या वाळवंटात कोण राहतं, ते मला बघायचं होतं. भाचा मागच्या सीटवर होता. साताऱ्याच्या अदिती स्वामीने 2023 साली बर्लिनला कंपाउंड धनुष्यात जागतिक विजेतेपद मिळवलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात धनुष्यबाणाशिवाय दुसरं काही नाही. दोन टोकांना चाकं असलेलं ते धनुष्य पूर्ण ताणलं की हातावरचा भार एकदम हलका होतो आणि नेम धरून थांबता येतं, हे त्याने मला अगदी समजावून सांगितलं.

शुवैखहून सुबियाला जाणारा शेख जाबेर पूल 2019 मध्ये खुला झाला. 36 किलोमीटरचा हा रस्ता कुवेतचा उपसागर ओलांडतो. दोन्ही बाजूंना नुसतं पाणी आणि मागे धूसर होत जाणारे शहरातले मनोरे. पुलाच्या मध्यावर भाच्याने विचारलं, "मामा, अमेरिकेत याच धनुष्याने कायोटी मारतात. मी व्हिडिओ पाहिलेत. इथे चालतं का?"

कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा उत्तर अमेरिकेतला भाऊबंद. तिकडे प्रत्येक राज्याचे नियम निराळे. टेक्साससारख्या राज्यात त्याच्या शिकारीला बंद हंगामच नाही, वर्षभर मुभा आहे. उलट कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये आणि न्यू मेक्सिकोने 2019 मध्ये बक्षिसं लावून कायोटी मारण्याच्या स्पर्धांना आळा घातला. एवढी शिकार होऊनही कायोटी कमी झाला नाही. लांडगे मारले गेल्यावर त्यांची रिकामी जागा त्याने घेतली आणि पश्चिमेच्या गवताळ मुलखातून तो पार अटलांटिकच्या किनाऱ्यापर्यंत पोचला. हे सगळं भाच्याला सांगितलं. पण त्याचा प्रश्न कुवेतचा होता आणि त्याचं उत्तर पुढे वाटेतच पडलेलं होतं.

सुबियाच्या बाजूला डांबरी रस्ता सोडून थोडं आत गेलो. पाय मोकळे करायला उतरलो तर वाळूत लाल प्लॅस्टिकच्या नळकांड्या पसरलेल्या. छऱ्याच्या बंदुकीची रिकामी काडतुसं. एक उचलून पाहिलं. बुडाची पितळी टोपी हिरवी पडलेली, मधोमध घोड्याच्या टोकाने पडलेला बारीक खड्डा, प्लॅस्टिक उन्हाने इतकं ठिसूळ झालेलं की बोटांत दाबताच तडकलं. एका झुडपाच्या आडोशाला तर त्यांचा ढीगच होता. म्हणजे कोणीतरी तिथे दबा धरून बराच वेळ बसलं होतं. युरोप-आशियातून आफ्रिकेकडे जाणारे पक्षी याच आकाशातून जातात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार अरबी द्वीपकल्प, इराण आणि इराक मिळून दरवर्षी 17 ते 46 लाख पक्षी बेकायदा मारले किंवा पकडले जातात. तो ढीग पाहिल्यावर हा आकडा मला फुगवलेला वाटला नाही.

पुढे एका तंबूबाहेर लाकडी अड्ड्यावर ससाणा बसलेला दिसला. डोळ्यांवर चामडी टोपी, पायांत चामडी वाद्या. आम्ही गाडीचा वेग कमी केला तसं तंबूतल्या वयस्कर माणसाने हात करून बोलावलं आणि सरळ हिंदीत म्हणाला, "आओ, चाय पियो." त्याच्या वडिलांचं जहाज खजूर घेऊन मुंबईला यायचं. 1961 पर्यंत कुवेतमध्ये रुपया चालायचा, त्यामुळे मुंबई त्या पिढीला परकी नव्हती. भाच्याने ससाण्याजवळ जायची परवानगी मागितली. टोपी काढताच पक्ष्याने मान गर्रकन वळवून थेट आमच्यावर नजर रोखली. म्हाताऱ्याने दोरीला बांधलेला पिसांचा गठ्ठा गरगर फिरवून दाखवला. ससाण्याला झेप शिकवायची ती यावर.

शिकारीचा विषय मीच काढला. तो म्हणाला, "मेरे वालिद ने यहाँ रीम देखा था. मैंने नहीं देखा." रीम म्हणजे वाळवंटी हरीण. पूर्वी माणूस सलुकी कुत्रे आणि ससाणा घेऊन उंटावरून निघायचा. मग मोटारी आल्या, बंदुका आल्या आणि उघड्या वाळवंटात हरणाला लपायला जागाच उरली नाही. जंगली रीम कुवेतमधून गेलं, अरबी लांडगाही गेला.

या भूमीत धनुष्य काही नवीन नाही. शेजारच्या सौदी अरेबियात हाइल भागातल्या शुवैमिसच्या कातळांवर हजारो वर्षांपूर्वीची चित्रं कोरलेली आहेत. त्यांत धनुर्धारी शिकारी आहेत आणि त्यांच्या कमरेला दोरीने बांधलेले कुत्रे आहेत. 2015 मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारशात घेतला. पण ती चित्रं कोरली गेली तेव्हा तिथे पाऊसपाणी होतं, सावजही मुबलक होतं. आज त्यांचा दाखला देऊन कोणी बाण चालवू म्हणेल, तर ते मला अजिबात पटणार नाही.

कुवेतचा कायदा तसं चालू देतही नाही. 2014 च्या 42 क्रमांकाच्या पर्यावरण संरक्षण कायद्याने संरक्षित वन्यजीव मारणं, पकडणं, इजा करणं, बाळगणं, नेणं-आणणं हे सगळं गुन्ह्यात धरलं आहे. हत्यार कोणतं, हा प्रश्नच नाही. बंदूक असो, फासा असो की बाण. अंमलबजावणीसाठी पर्यावरण प्राधिकरण आहे, पर्यावरण पोलीस आहेत. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा याच वळणाचा. त्यात शिकारीचा नुसता प्रयत्नही शिकार धरला जातो आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर कोल्हा पहिल्या अनुसूचीत गेला आहे.

सुबियाहून मुतलाकडे जाताना जाल अझ-झोरचा कडा लागतो. उंची जेमतेम 145 मीटर, पण सपाट मुलखात तो डोंगरासारखाच भासतो. इथेच साधारण 320 चौरस किलोमीटरचं शेख सबाह अल-अहमद अभयारण्य आहे. आत जायला परवाना लागतो, तो आमच्याकडे नव्हता, म्हणून कुंपणालगतच चाललो. या कुंपणाने मला सगळ्यात जास्त शिकवलं. आमच्या बाजूला उंट-मेंढ्यांनी आणि मोटारींच्या चाकांनी खरवडलेली उघडी जमीन, तारेपलीकडे गुडघ्याएवढी अर्फजची झुडपं. अर्फज हे कुवेतचं राष्ट्रीय फूल. वसंतात त्याला पिवळी फुलं येतात. त्या झुडपांच्या मुळाशी वाळू धरून राहते, वाळूत उंदीर-पाली राहतात आणि त्यांच्यामागे खोकड येतं.

त्याचा मागही तिथेच मिळाला. कुंपणाच्या कडेने एका रेषेत पडलेली पावलं, चार बोटं, पुढे नखांचे बारीक टोचे. नान्नजच्या खोकडाचा ठसा मातीत कसा स्वच्छ उमटतो. इथे तळव्याची कड पुसट होती, कारण अरबी लाल खोकडाच्या बोटांमध्ये केस असतात आणि तापलेल्या वाळूपासून तेच त्याला वाचवतात. भाचा गुडघ्यावर बसून कितीतरी वेळ ते ठसे मोजत होता. माग एका ठिकाणी तारेखालच्या खळगीतून आत गेला होता.

खोकड मात्र दिसलं नाही. मुतलाची घाटी उतरून जहराला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं. 1991 च्या फेब्रुवारीत याच रस्त्यावर माघार घेणाऱ्या इराकी सैन्याची वाहनं बॉम्बहल्ल्यात जळून खाक झाली होती. त्या युद्धातले सुरुंग वाळूत आजही अधूनमधून सापडतात, त्यामुळे दाजी रुळलेली वाट सोडायला तयार नसतात.

कायोटीच्या देशातला नियम इथे आणून चालणार नाही, हे माझं ठाम मत. तिथे शिकार होऊनही प्राणी वाढला, कारण त्याला खायला आणि पसरायला अख्खं खंड होतं. हा चिमुकला देश. रीम गेलं, लांडगा गेला, उरलंय ते खोकड. त्याच्यासाठी संपूर्ण बंदीच योग्य आहे आणि ती तारेबाहेरच्या वाळूतही तितक्याच कसोशीने पाळली गेली पाहिजे. भाच्याला नेम धरायचा असेल तर इथल्या नेमबाजी क्लबात धनुर्विद्याही शिकवतात. तिथलं लक्ष्य त्याला पुरेसं आहे.

कुवेतमधल्या मराठी मंडळींना एवढंच सांगणं आहे. तंबूच्या हंगामात कोणी शिकारीला चला म्हणालं तर जाऊ नका, मेलेल्या पक्ष्यांसोबत फोटो काढू नका आणि कुठे फासे किंवा जाळी दिसली तर पर्यावरण प्राधिकरणाला कळवा.